प्रमिलाताई साळवे, मुक्काम पोस्ट कालवा

माझ्याबद्दल प्रमिलाताई साळव्यांनी लिहिलेली पहिली ओळ त्यांनी स्वतःच मला वाचून दाखवली होती. "पार्कातलं लॉक. मदतीला एक मुलगी, पुण्याची. ताकद बरी, घाई फार." वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "चूक असेल तर सांग. खोडणार नाही, पण खाली तुझं म्हणणं लिहीन."

माझं काही म्हणणं नव्हतं. मी नुकती नोकरीसाठी इंग्लंडात वॉटफर्डला आले होते आणि रविवारी करायला काही नाही म्हणून पार्कातून कालव्याच्या कडेने चालत होते. लॉकपाशी गर्द निळ्या रेनकोटातली एक पिकल्या केसांची बाई दरवाजाच्या लांबलचक लाकडी दांड्याला पाठ लावून, पाय रोवून, मागे रेटत होती आणि त्या दांड्याला म्हणत होती, "हल गं बाई, हल. किती अंग धरशील?" वॉटफर्डच्या पार्कात मराठी ऐकून मी जागच्या जागी थांबले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून विचारलं, "काकू, मदत करू का?"

"मग इतका वेळ काय बघत होतीस?" त्या मागे न वळता म्हणाल्या. "आणि काकू नको. काका कधी आणलाच नाही, तर काकू कुठली? ताई म्हण."

कालवा जिथे चढ-उतारावरून जातो तिथे त्याच्या पाण्याला पायऱ्या केलेल्या असतात. एकेक पायरी म्हणजे एकेक लॉक. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि पाणी बरोबरीत आलं की पुढचे दरवाजे उघडायचे. हे सगळं त्या दिवशी मला प्रमिलाताईंनी एका हातात झडपांची लोखंडी किल्ली देऊन आणि दोनदा थांबवून शिकवलं. "पाणी त्याच्या वेळेनं येतं. तू ढकललंस म्हणून दार उघडत नाही. दोन्हीकडचं सारखं झालं की ते आपोआप हलकं होतं." मग बोटीवर बोलावून चहा दिला, शेंगदाण्याची चटणी लावलेला ब्रेड दिला, आणि चहा प्यायच्या आधी वही काढली.

ताई मूळच्या मिरजेच्या. नर्सिंग तिथेच शिकल्या आणि तरुणपणीच इंग्लंडला आल्या. पुढची सगळी वर्षं त्यांनी इथल्या हॉस्पिटलांत काढली आणि वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झाल्या. इल्फर्डला त्यांचा छोटा फ्लॅट होता, जवळच भावाचं कुटुंब होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी तो फ्लॅट विकला आणि सत्तावन्न फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद अशी एक बोट घेतली. भावाने सहा महिने बोलणं टाकलं. "त्याला वाटलं मी बुडणार," ताई सांगायच्या, "आणि त्याहून वाईट म्हणजे, लोक त्याला विचारणार की तुमची बहीण राहते कुठे."

बोटीचं नाव होतं 'कृष्णा'. ते त्यांनी स्वतः देवनागरीत रंगवलं होतं. येणारेजाणारे इंग्रज कौतुकाने विचारत, हे देवाचं नाव ना? ताई सांगत, "नदीचं. माझे वडील तिचं पाणी मोजायचे." ते खरंच होतं. पाटबंधारे खात्यात त्यांचे वडील नदीकाठच्या खांबावरचे आकडे वाचायला होते. सकाळ-संध्याकाळ जाऊन पाणी किती फुटांवर आहे ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. पावसाळ्यात सगळं गाव त्यांच्या दारात यायचं.

ताईंना बोट बांधायची कायमची जागा नव्हती. अशा बोटींना एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, पुढे सरकावं लागतं. बहुतेक लोक या नियमाला कंटाळतात. ताईंना तो आवडायचा. "वॉर्डमध्ये पण मी एका खुर्चीत कधी बसले नाही," त्या म्हणायच्या.

आता वहीबद्दल. बोटीवरची बरीच माणसं प्रवासाची नोंद ठेवतात. कुठून निघालो, कुठे पोचलो, किती मैल, किती लॉक, इंजिन किती तास चाललं. ताईंच्या वहीत हे सगळं होतंच, शिवाय आणखी दोन रकाने त्यांनी स्वतः आखलेले होते. एक 'पाणी'. जिथे बोट बांधली तिथल्या काठापासून पाणी किती खाली आहे, ते स्टीलच्या पट्टीने मोजून सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला लिहायचं. दुसरा रकाना 'शेरा'. आकडे इंग्रजीत, शेरा मराठीत. काळं पेन. खाडाखोड नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ, शेजारी सही, पुढे बरोबर काय ते. हे सगळं वॉर्डातून आलेलं. "लिहिलं नाही म्हणजे झालं नाही," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ऑफिसमध्ये मीही ते लोकांना ऐकवायला लागले.

शेऱ्यातून कुणी सुटायचं नाही. एकदा लग्नाआधीची मौज करायला निघालेल्या सहा तरुणांच्या भाड्याच्या बोटीने 'कृष्णा'च्या नाकाडावर दणकून धडक दिली. वर, आम्ही नाहीच, असं ते हसत म्हणायला लागले. ताईंनी आवाज चढवला नाही. सुकाणू धरलेल्याला, म्हणजे नवऱ्या मुलालाच, बोटीवर बोलावलं, चहा दिला, वही पुढे केली आणि म्हणाल्या, "काय झालं ते तुझ्या अक्षरात लिही. मला पटलं नाही तरी चालेल." त्याने पेन घेतलं. मग लिहिलं, "मी बघत नव्हतो. माफ करा." ताईंनी खाली लिहिलं, "मुलगा खरा आहे." आणि मग तासभर काठावर उभं राहून त्याला बोट मागे कशी घ्यायची ते शिकवलं. लग्नानंतर तो बायकोला घेऊन त्यांना भेटायला आला होता.

स्वतःलाही त्या सोडत नसत. लॉकच्या आत वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीची शेपटी त्यावर अडकली तर पुढचा भाग खाली जातो आणि बोट मिनिटांत बुडू शकते. एकदा ताईंची बोट तशी अडकली. काठावर धावत जाऊन त्यांनी झडपा पाडून पाणी जायचं थांबवलं आणि बोट वाचली, पण भांडी, पुस्तकं, सगळं पुढच्या बाजूला जाऊन पडलं होतं. त्या दिवशीचा शेरा त्यांनी मला दाखवला. "चूक पूर्ण माझी. सुकाणूवर असताना फोनवर बोलत होते." मला आठवलं, फोन माझा होता. भाजणीत धणे किती घालायचे, एवढंच मी विचारत होते. मी म्हटलं, "ताई, माझं नाव का नाही लिहिलंत?"

"फोन तू केलास. उचलला मी," त्या म्हणाल्या. बोट चालवायला शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्या तेच पान आधी वाचून दाखवत.

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी उन्हाळा फार कोरडा गेला. ताई वॉटफर्डच्या उत्तरेला, गाडीने अर्ध्या तासावर, एका उंच भरावावर मुक्कामाला होत्या. तिथे कालवा दरी ओलांडतो. दोन्ही बाजूंना मातीचा उंच बांध, त्यावर पाणी, आणि खाली अकरा घरांची एक ओळ व लहान मुलांची नर्सरी. घरांच्या धुराड्यांपेक्षा कालव्याचं पाणी उंचावर. शेजारी बर्नार्ड नावाचा एक म्हातारा बोटवाला होता. तो ताईंच्या वहीची थट्टा करायचा.

"तीस वर्षं पाण्यावर आहे. एक ओळ लिहिली नाही. माझं काय अडलं?"

"कुठेकुठे गेलास ते सांग बरं," ताई म्हणाल्या. त्याने चार नावं घेतली आणि पाचव्याला डोकं खाजवलं.

तिसऱ्या दिवशी ताईंचा मला फोन आला. "इथे पाणी कमी होतंय. रात्रीत दोन सेंटीमीटर." मी म्हटलं, लॉक वापरली जातात, त्यात जात असेल. "रात्री बोटी चालत नाहीत. दोन्हीकडची दारं मी स्वतः जाऊन बघितली, गळत नाहीत. पेशंटला सलाइन चाललंय आणि लघवी होत नाही, तर पाणी जातंय कुठे, हे विचारायला नको?"

दुसऱ्या दिवशी दोन, मग तीन, परत तीन. ताईंनी कालवा सांभाळणाऱ्या ऑफिसला फोन केला. फोनवरच्या बाईने नीट ऐकून घेतलं. उन्हाळा कोरडा आहे, पातळी थोडी खालीवर होते, गेल्याच महिन्यात माणूस पाहणी करून गेला, त्याला काही दिसलं नाही, असं सांगितलं. शेरा: "बाई नम्र. प्रश्न तसाच."

मग ताई भरावाच्या पायऱ्या उतरून खाली गेल्या. टोकाच्या घरात मार्गारेट राहायची, ऐंशीच्या पुढची, काठी घेऊन चालणारी. कुंपणावरून दोघींचं बोलणं सुरू झालं. ताईंनी वाटाण्याच्या वेलांचं कौतुक केलं. मार्गारेट खूश होऊन म्हणाली, "सगळ्यांच्या बागा जळल्या, आणि मला या वर्षी एकदाही पाणी घालावं लागलं नाही."

"हे तिने सांगितलं, आणि मी आधी तिला फाटक उघडायला सांगितलं," ताई मला नंतर म्हणाल्या. वाफ्यामागे, बांधाच्या पायथ्याशी, हिरव्यागार गवतातून करंगळीएवढी धार येत होती. पाणी अगदी स्वच्छ होतं. ताईंनी मार्गारेटकडून जॅमची रिकामी बरणी घेतली, धारेखाली भरली आणि उन्हात धरून पाहिली. मग वर तारीख-वेळ लिहून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. "बांधातून थोडं पाणी झिरपतंच, माझे वडील सांगायचे. स्वच्छ आहे तोवर नुसतं पाणी येतंय. गढूळ झालं म्हणजे आतली माती वाहून येतेय."

ऑफिसला दुसरा फोन झाला. आठवड्याभरात कुणीतरी येईल, असं उत्तर मिळालं.

इकडे चौदा दिवस भरले. ताईंनी नियमाप्रमाणे बोट सोडली आणि दोन लॉक पलीकडे नेऊन बांधली. मी म्हटलं, ताई, कारण सांगितलं तर ते मुदत वाढवून देतील. "मी नियम मोडला की उद्या ते माझ्या आकड्यांकडे बघणार नाहीत, माझ्याकडे बघतील," त्या म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या ऑफिसच्या आधी मी त्यांना गाडीने भरावावर न्यायचे. सातला वर पट्टी, सव्वासातला खाली बरणी. मार्गारेटच्या खिडकीत बरण्यांची रांग वाढत गेली. आठ दिवसांत उतार चार सेंटीमीटरवर गेला.

नवव्या सकाळी ताईंनी बरणी उन्हात धरली. बरणी माझ्या हातात दिली. पाणी पातळ चहासारखं दिसत होतं.

"आज माती आली," त्या म्हणाल्या. मग तिथेच उभ्या राहून फोन लावला. मी त्यांना आधी तक्रार करताना ऐकलं होतं. ही तक्रार नव्हती. वॉर्ड सिस्टर डॉक्टरला सांगते तसं त्या सांगत होत्या. जागा, किती दिवसांचे आकडे, उतार रोज कसा वाढला, आज सकाळी काय बदललं. शेवटी म्हणाल्या, "खाली अकरा घरं आणि एक नर्सरी आहे. मला इंजिनिअर दुपारच्या आत इथे हवा आहे. तुमचं नाव सांगा, मी लिहून घेते."

अकराला गॅरेथ नावाचा इंजिनिअर आला. चिखलाचे बूट दारात काढून मार्गारेटच्या स्वयंपाकघरात बसला. ताईंनी वही उघडून समोर ठेवली. तो पानं उलटत गेला, मग उलटायचा थांबला. खिडकीतल्या बरण्यांकडे बघितलं, मोज्यांनीच बाहेर जाऊन धारेत हात घातला, परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. बूट घालता घालताच तो फोनवर बोलत होता. "दोन्हीकडे फळ्या टाका. हो, आत्ता. घरं रिकामी करा."

कालव्याच्या अरुंद जागांवर दगडात खाचा असतात. त्यात जाड फळ्या एकावर एक बसवल्या की मधलं पाणी वेगळं करून काढून टाकता येतं. पण मध्ये चार बोटी होत्या. फळ्या पडायच्या आत त्या बाहेर काढायला हव्या होत्या. तिघं निघाले. बर्नार्ड हटून बसला. त्याचं इंजिन बंद पडलं होतं, म्हणूनच मुदत उलटूनही तो तिथे होता, आणि ते कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती. "मी चिखलात बसेन," तो म्हणाला, "पण हलणार नाही."

ताई गेल्या, दोन लॉक पार करून 'कृष्णा' परत घेऊन आल्या आणि दोर त्याच्या अंगावर फेकला. "बांध. वाद नंतर घालू." त्याने बांधला. वीस टनांची बोट मागे ओढत 'कृष्णा' त्या भरावावरून चालली होती तेव्हा मी टोपाथवरून, म्हणजे काठाच्या पायवाटेवरून, सोबत चालत होते. ताईंचा वेग मुंगीचा होता, लाटेने बांधाला धक्का लागू नये म्हणून. त्या एकदाही मागे बघत नव्हत्या. खाली नर्सरीतली पिवळ्या जॅकेटांतली मुलं एकमेकांचा हात धरून रांगेने बाहेर पडत होती. मार्गारेटला दोन माणसं खुर्चीत बसवून नेत होती आणि ती त्यांना बरण्या सांभाळून आणायला सांगत होती.

बर्नार्डची बोट बाहेर पडली आणि फळ्या खाचेत बसल्या. संध्याकाळपर्यंत पाणी निम्मं उतरलं.

तिसऱ्या दिवशी गॅरेथने आम्हाला कोरड्या कालव्यात उतरवून दाखवलं. तळाच्या चिकणमातीत ताटाएवढं भोक होतं आणि त्याखाली बांधाच्या पोटात माणूस उभा राहील एवढी पोकळी. "एखादा मोठा पाऊस," गॅरेथ म्हणाला, "आणि हे सगळं खालच्या घरांवर." मग त्याने वही ऑफिसात न्यायला मागितली.

"वही माझ्याशिवाय कुठे जात नाही," ताई म्हणाल्या. "इथे बसून फोटो काढ. आणि काढलेस म्हणून सही कर."

त्याने सही केली. त्याच्यामागे बर्नार्ड उभा होता. त्याने पेन मागितलं आणि सहीखाली लिहिलं, "मला ओढून नेलं. आभारी." तीस वर्षांतली त्याची पहिली नोंद. नंतर त्याने स्वतःची वही घेतली. पहिल्या पानावर 'पाणी' असा रकाना आखला होता, थोडा वाकडा.

हिवाळ्यात कालव्याच्या ऑफिसने ताईंना आपल्या माणसांशी बोलायला बोलावलं. मी रजा काढून गेले. वीसेक इंजिनिअर आणि पाहणी करणारी माणसं समोर, आणि निळ्या स्वेटरातल्या ताई, हातात वही. त्या दहा मिनिटंच बोलल्या. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. "तुमचा माणूस महिन्यातून एकदा येतो. एकदा बघितलं तर पेशंट बरा दिसतो. रोज बघणारं कुणीतरी लागतं, आणि रोज बघणारे आम्ही पाण्यावर राहतोच आहोत. आम्हाला विचारा." शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. इल्फर्डहून आलेला त्यांचा भाऊ शेवटच्या रांगेत होता. शेजारच्या अनोळखी माणसाला तो सांगत होता, "ती माझी बहीण. बोटीवर राहते."

वसंतात भरावाचं काम संपलं. दोन्ही काठांना पाण्याची पातळी दाखवणाऱ्या मोजपट्ट्या बसल्या, आणि कालवा पुन्हा सुरू करताना पहिली बोट 'कृष्णा' जावी असं ठरलं. तोवर माझंही परत पुण्याला जायचं नक्की झालं होतं. तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. ताई तिथूनच पुढे उत्तरेला निघणार होत्या, वेल्सपर्यंत. मला वाटलं, त्या दिवशी त्यांच्यासोबत बोटीवर उभं राहावं. सकाळी विचारलं.

"तू वर नको येऊस," त्या म्हणाल्या. "मार्गारेटला पायऱ्या चढता येत नाहीत. सगळे वर जमणार, ती खाली एकटी. तू तिच्यापाशी थांब." मग माझ्या गालाला हात लावला. "पुण्याला पोचलीस की कळव. मी लिहून ठेवीन."

म्हणून मी मार्गारेटच्या बागेत उभी होते. तिला खुर्ची आणून दिली होती, पायावर शाल टाकली होती. या वर्षी तिच्या हातात पाण्याची झारी होती आणि वाटाण्यांना स्वतः पाणी घालावं लागतंय याचा तिला केवढा अभिमान. वर टोपाथवर माणसं दाटली होती, नर्सरीची पिवळी जॅकेटं पुढे. मग सगळ्यांचे आवाज थांबले आणि इंजिनाची सावकाश टकटक ऐकू आली.

खालून पाणी दिसत नव्हतं. दिसत होती फक्त बोटीची वरची कडा, त्यावर रंगवलेली देवनागरी अक्षरं, आणि सुकाणूवर ताठ उभ्या प्रमिलाताई. धुराड्यांच्याही वरून, आकाशाला लागून, त्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत होत्या. वरची माणसं टाळ्या वाजवत होती. मार्गारेटने झारी उंच धरली. ताईंनी खाली बघितलं, आम्ही दोघी दिसलो असणार, कारण त्यांनी मान हलवली. हात मात्र सुकाणूवरच. मग नजर पुन्हा पुढे, पाण्यावर, आणि 'कृष्णा' झाडांमागे जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.